आम्ही तसले न्हाय

आमच्या शाळेचे उपकार मी विसरलेलो नाही. पेठ वडगावजवळच्या पारध्यांच्या वस्तीतला मी पहिला पदवीधर, तो गुरुजींमुळेच. घरात आपली बोली बोलू नकोस, मागे पडशील, असं त्यांनी मायेनं सांगितलं. ते मी इतकं मनावर घेतलं, की आई बोलीत बोलली तर मी उत्तरच देत नसे. हळूहळू ती मराठीवर आली.

पुढे राखीव जागेवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून नेमणूक झाली. अट एकच: जातवैधता प्रमाणपत्र. यादीत माझ्या खाली असलेल्या उमेदवारानं माझा दाखला बोगस असल्याचा अर्ज केला आणि चौकशी लागली.

चौकशीचं पथक घरी आलं तेव्हा मी वर्गावर होतो. जीपमधून दोघे उतरले, त्यातला एक खाकी वर्दीतला. वर्दी दारात आली की काय म्हणायचं, हे आमच्या बायकांना शिकवावं लागत नाही.

"मावशी, पारधी न्हवं तुम्ही?"

"न्हाय वो सायब, आम्ही तसले न्हाय."

"फासे लावता?"

"कवाच न्हाय. पोरगा मास्तर हाय माजा."

"तुमची बोली बोला की जरा."

"ती आमास्नी येत न्हाय."

जबाब झाला, अंगठा झाला. संध्याकाळी आई खुशीत होती. "घालवलं बग त्यास्नी. तुज्या नोकरीला आता धक्का न्हाय."

चार महिन्यांनी सुनावणीला मी तिला कोल्हापूरला नेलं. जातपडताळणी समितीसमोर ती बोलीत भडाभडा बोलली. लहानपणी बापाबरोबर तित्तर धरायला जायची, ते सांगितलं. तित्तराला बोलावतात तसा आवाजही काढला. साहेब हसले.

"परत काढा की, मावशी."

तिनं परत काढला. दारात शिपाई जमले. मुलाचं काम होतंय असं वाटून तिनं तिसऱ्यांदाही काढला.

मग साहेबांनी जबाबाचा कागद पुढं ओढला. "बोली येत न्हाय म्हणून अंगठा दिलाय हितं. मास्तर, चार महिन्यांत चांगली शिकवलीसा की!"

दावा अवैध ठरला, नेमणूक रद्द झाली. निकालात लिहिलं होतं, 'अर्जदाराच्या आईने पढवलेली माहिती देऊन समितीची दिशाभूल करण्याचा प्रयत्न केला.' आईला वाचता येत नाही. "काय लिवलंय?" म्हणाली. ते वाक्य मला गाळता आलं असतं. मी गाळलं नाही. सावकाश, दोनदा वाचून दाखवलं.