पुलावरची पहारेकरीण

दोहातल्या एका हॉस्पिटलात मी नर्स होते, तेव्हाची ही गोष्ट. दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं. एक्स-रे विभागातली एक आयरिश बाई माझी मैत्रीण झाली होती. एका शुक्रवारी ती मला मदिनत खलीफा वस्तीतल्या एका व्हिलात घेऊन गेली. तिथे काही मंडळी दर सुट्टीला जमून एक राज्य खेळत. जुन्या काळचं, किल्ल्यांचं, चेटकिणींचं आणि ड्रॅगनचं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कपडे शिवायचे आणि संध्याकाळपर्यंत त्या पात्रासारखंच बोलायचं, वागायचं. सगळा कारभार इंग्रजीत.

राजा होता एक इंग्रज शिक्षक, व्हिला त्याचाच. मी नर्स आहे कळल्यावर त्याने टाळीच वाजवली.

"वा! आमच्याकडे वैदूच नाही. तू आमची वैदू!"

सगळे खूश झाले. कुणी तरी मुळ्यापाल्याची पिशवीसुद्धा माझ्या खांद्याला अडकवली. मी ती काढून टेबलावर ठेवली.

"मला तलवार हवी," मी म्हणाले. "पुलावर पहारा देणारं कुणी आहे का तुमच्याकडे?"

"पण वैदू नसेल तर आम्ही लढाईत मरू!"

"मरा."

आयरिश मैत्रीण खो खो हसली. राजाला मात्र हसू आलं नाही.

पुण्याचा एक इंजिनीअर होता, गॅस कंपनीतला. त्याने मला बाजूला घेऊन मराठीत समजावलं, "अहो, कशाला हट्ट करताय? तुम्हाला तर हे सगळं येतंच."

"येतं म्हणूनच नको," मी म्हटलं. "आठवडाभर मी हो डॉक्टर, हो मॅडम, आले सर, एवढंच बोलते. सुट्टीच्या दिवशीही तेच बोलू?"

 राजाने शेवटी तोडगा काढला. पुढच्या शुक्रवारी पूल राखून दाखव, जमलं तर पहारेकरी हो. नाही जमलं तर पिशवी घ्यायची.

मी राखाडी लोकर आणून चिलखत विणायला घेतलं. पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ढाल केली. खोलीतली केरळी सिस्टर म्हणाली, "डोकं फिरलंय तुझं." म्हटलं, फिरू दे.

व्हिलाच्या अंगणात खजुराच्या झाडापासून फाटकापर्यंत एक सतरंजी पसरली होती, तोच पूल. नियम साधा होता. पहारेकऱ्याने स्वतःहून वाट दिल्याशिवाय कुणी पलीकडे जायचं नाही. एक सरदार आला, त्याने सोन्याची लालूच दाखवली. चेटकिणीने शाप दिला. मी हलले नाही. मग जखमी झाल्याचं सोंग घेऊन इंजिनीअर आला, सतरंजीवर आडवा पडला आणि विव्हळायला लागला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे हात शिवशिवले, खोटं कशाला सांगू? पण मी तलवार दोन्ही हातांनी घट्ट धरली.

शेवटी राजा स्वतः आला. मुकुट घालून, आवाज चढवून म्हणाला, "मी राजा आहे. बाजूला हो!"

आणि माझ्या तोंडून खणखणीत मराठी निघालं, "राजा असशील तुझ्या घरचा! इथून कुणी जायचं नाही!"

 राजाने इंजिनीअरला विचारलं, "काय म्हणाली?"

तो सतरंजीवरून उठत, अंगावरची वाळू झटकत म्हणाला, "नाही म्हणाली."

 राजाने मुकुट काढला आणि वाकून मला मुजरा केला.

वैदू झाला इंजिनीअर. सुरुवातीला तो पट्टी इतकी आवळायचा की जखमेपेक्षा औषधाचीच भीती वाटावी. पण हळूहळू तो त्यात रमला, पुस्तकं आणून जडीबुटी शिकला. आपल्याला कुणाची शुश्रूषा करता येईल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं, असं त्याने एकदा मला सांगितलं.

मी पूल तीन वर्षं राखला. त्याच काळात वसईहून मम्मीचा फोन आला. माझं लग्न जमवायचं चाललं होतं, आणि माझा तलवारीसकटचा फोटो कुणी तरी गावात दाखवला होता.

"बाय, मुलाकडच्यांना कळलं तर काय म्हणतील?"

"आपणच सांगूया त्यांना, मम्मी. फोटोही दाखव."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणू दे."

ते नाहीच म्हणाले. मम्मी आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. मी त्या शुक्रवारी चिलखताची उसवलेली बाही विणून पुरी केली आणि खेळायला गेले.