आईच्या आधीचा घास

माझी सगळी नोकरी ज्वारी शिजवण्यात गेली, असं आई म्हणायची. नांदेडच्या प्रयोगशाळेत मी ज्वारीची बिस्किटं केली, शेवया केल्या, लहान लेकरांसाठी सत्त्व केलं. पण अहमदपूरहून तिचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "काय गं, अजून ज्वारीच शिजवून राहिलीस का? इतक्या वर्षांत शिजली न्हाई व्हय?" मी चिडायचे. तिला तेच पाहिजे असायचं.

कामाचा दुसरा भाग म्हणजे भाषणं. लातूर जिल्ह्यात, चाकूरकडच्या खेड्यांत बाया जमवायच्या आणि सांगायचं, बायांनो, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाऊ नका, सगळ्यांसोबत स्वतःचं ताट वाढून घ्या, नाहीतर अंगात रक्त येणार कुठून? बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला लई राग यायचा. यात हसण्यासारखं काय आहे, हे मला कधी कळलं नाही.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. एखाददुसरा शब्द कसाबसा निघायचा. दवाखान्यातून मी तिला नांदेडला माझ्या घरी आणलं. घरात आम्ही दोघीच. तिला गिळता येतं, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. फक्त फार पातळ नको, फार घट्ट नको, मऊ पाहिजे. मी म्हटलं, एवढंच ना? हे तर माझंच काम!

पण आई खाईना. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या नेल्या, तर तिनं डाव्या हातानं वाटी सरकवली आणि स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. मला वाटलं, दुसरं काहीतरी पाहिजे. मी आंबील केली. मुगाचं कढण केलं. लाह्यांचं पीठ दुधात कालवलं. मीठ कमी करून बघितलं, लसूण वाढवून बघितला, प्रयोगशाळेत नेऊन दाटपणासुद्धा मोजून आणला. तिचं बोट आपलं पुन्हा स्वयंपाकघराकडंच. बळंबळं दोन चमचे पोटात गेले तर गेले. "अगं बाई, तुला पाहिजे तरी काय?" असं मी एकदा ओरडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग माझ्याही. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत नीट खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

रविवारी दुपारी माझा धीर सुटला. सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं. कण्यांची वाटी तिच्या उशाशी ठेवली आणि माझं ताट घेऊन तिच्या कॉटसमोर खालीच बसले. भाकरी, पिठलं, ठेचा. "तुला नको तर नको, मी तरी खाते," म्हटलं. आई बघत राहिली. माझा शेवटचा घास संपेपर्यंत बघत राहिली. मग डावा हात वाटीकडं नेऊन म्हणाली, "आता दे."

कण्या गार झाल्या होत्या. कोमट ताक घालून ढवळल्या आणि भरवल्या. वाटी रिकामी झाली. ती दुसरं काही मागतच नव्हती, मला जेवायला पाठवत होती. जन्मभर तिनं घरातल्या कोणाच्या आधी घास घेतला नव्हता, आणि मी रोज आधी तिला भरवून मग स्वतः जेवायला बसायचे.

एकदा घडलं तर योगायोग. आमच्या कामात परत करून बघावं लागतं. संध्याकाळी घाईघाईत मी म्हटलं, "जेवले गं मी." तिनं माझा हात धरला, बोटं नाकाशी नेली आणि वाटी सरकवली. चव आणि वास पारखणारी माणसं मी नोकरीभर तयार केली, पण इतका कडक परीक्षक मला कधी मिळाला नव्हता. हसूही आलं, रागही आला. "बरं, मग सोबत जेवू," मी म्हटलं. "एक घास माझा, एक तुझा. इतक्या बायांना सांगत फिरले गं मी, तू तरी ऐक."

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

मला फार वाईट वाटलं. ज्या सवयीविरुद्ध मी गावोगाव बोलत आले, ती पाळल्याशिवाय माझ्याच आईच्या पोटात अन्न जाणार नव्हतं. आणि उद्या सोमवार होता.

मी ताट वाढून घेतलं. तिच्यासमोर बसून, रडत रडत, पोटभर जेवले. मग हात पुढं केला. तिनं वास घेतला आणि तोंड उघडलं.