सगळ्या गाड्यांना एकच हिऱ्या

माझ्या आयुष्यात मी ज्यांच्यावर जळलो त्यांत माणसं पुष्कळ आहेत, बैल मात्र एकच. त्याचं नाव हिऱ्या. तो माझ्या सासऱ्यांचा, महाळुंगे पडवळचा बैल. त्यानं मला कधी शिंग मारलं नाही की लाथ घातली नाही. तरीही आज कुणी कपाळावर पांढरा चांद असलेला बैल दाखवला की मी रस्ता बदलतो.

दोन हजार सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. घोडेगावच्या एका क्लासात मी कॉम्प्युटर शिकलो आणि पुण्यातून एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. गावाला वाटलं, पोरगा आता कुठंतरी कचेरीत चिकटणार. पोरगा घरात बसून गेम बनवायला लागला! आमच्या भागात तेव्हा 'गेम बनवतो' असं सांगणं आणि 'पतंग उडवतो' असं सांगणं यांत फारसा फरक नव्हता, फक्त पतंगाला वीज लागत नाही. (आणि आमची वीज तर काय, पाहुण्यासारखी यायची आणि चहाला न थांबता जायची.)

गेम मात्र अस्सल इथल्या मातीतला होता. बैलगाड्याची शर्यत! आमच्याकडं गाडे एकामागून एक सुटतात. पुढं घोडी, मागं गाड्याला चार बैल, गाड्यावर कुणीही नाही आणि घाट, म्हणजे शर्यतीची चढाची वाट, किती सेकंदांत मारला त्यावर नंबर. गाडा कसा उधळतो, दगडावर चाक कसं उडतं, एखादा बैल बुजला तर बाकीचे तीन काय करतात, हे सगळं मी आकड्यांत बसवलं होतं. नुसतं चढाचं गणित जमवायला माझा अख्खा उन्हाळा गेला.

माझ्या वडलांना, म्हणजे दादांना, ते गणित दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता खुर्चीत बसलेला मुलगा. त्यातून माझ्या दाजींचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं, आळेफाट्याला ट्रकचं गॅरेज होतं आणि त्यांना घरचा माणूस हवा होता. एके दिवशी दादांनी जेवता जेवता निकाल दिला.

"यात्रंपत्तुर काय दावायचं ते गावाला दाव. गावानं चांगलं म्हनलं तर ऱ्हाऊ दे ते डबडं. न्हाईतर ते इकायचं आन तू दाजींकडं जायाचं."

ग्रीस, डिझेल आणि दाजी, तिन्ही मला सहन होत नाहीत. मी जोमानं कामाला लागलो. अडचण एकच होती, मला चित्र काढता येत नव्हतं. मी काढलेला पहिला बैल बघून आईनं अगदी मायेनं विचारलं की, गाड्याला शेरडू कशाला जुंपलंस? तेव्हा आमची मंडळी, शोभा, पुढं झाली. शोभा रांगोळीत पटाईत. पडद्यावरचं चित्र मोठं केलं की त्याचे बारीक चौकोन दिसतात, ते तिनं एकदा पाहिले आणि म्हणाली की, ही तर ठिपक्यांची रांगोळी. मग दुपारची भांडी झाली की माऊस घेऊन बसायची आणि एकेक ठिपका भरायची. बैल तिनं माहेरचाच काढला, कारण तो तिच्या डोळ्यांसमोर वासराचा बैल झाला होता. कपाळावर चांद, डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं, आणि नजर अशी की माणसानं आपोआप दोन पावलं मागं व्हावं. हिऱ्या!

मी आनंदानं त्याला पळवून दाखवायला शेजाऱ्यांना बोलावलं. तिथून माझ्या नशिबाला साडेसाती लागली. येईल तो माणूस पडद्यासमोर उकिडवा बसायचा आणि बाजारात बघावा तसा बैल बघायचा. वशिंड बघायचा, भोवरा बघायचा. एका म्हाताऱ्यानं तर पडद्यावर बोट फिरवून बैलाला काही खोड नाही ना, याची खात्री करून घेतली. सगळे शोभाकडं वळून म्हणायचे, काय बैल काढलाय पोरी! मी मागून सांगायचो की अहो, बैल ठीक आहे, पण तो पळतोय कसा ते बघा, ते मी केलंय.

"पळनारच की," म्हातारा म्हणाला. "हिऱ्या हाय त्यो."

सांगा आता काय बोलायचं! माझा उन्हाळा, माझं गणित, माझे सुजलेले डोळे, आणि श्रेय बैलाला. खुरांचा आवाज मी करवंट्या पाटावर आपटून टेप केला होता, तर लोक म्हणाले, हिऱ्याच्या खुरांचा आवाज लांबूनसुद्धा ओळखू येतो. मला बायकोचं कौतुक सोसत नव्हतं आणि बैलाचं त्याहून सोसत नव्हतं. घरात आणखी एक माणूस जळत होतं, ते म्हणजे दादा. त्यांचा स्वतःचा सोन्या नावाचा बैल होता आणि व्याह्याच्या बैलाची तारीफ आपल्याच ओसरीवर ऐकणं म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या गाडामालकालाच कळेल. ते उठून गोठ्यात गेले आणि सोन्याला नको असताना पेंड घातली.

यात्रा जवळ आली तशी शोभा म्हणाली, आता बाकीचे बैल काढते. आधी मामांचा, म्हणजे दादांचा, सोन्या, मग गावातल्या एकेका गाड्याचे. मी मनात हिशेब केला. एका बैलावर हिचं एवढं कौतुक, तर गावच्या सगळ्या बैलांवर ही सरपंच होईल. मी गंभीर चेहरा करून सांगितलं की त्याची गरज नाही, एकाच चित्रावरून सगळे गाडे करता येतात आणि यालाच प्रोग्रॅमिंग म्हणतात.

"अहो, पन समद्या गाड्यांना हिऱ्याच दिसंल."

"लोक वेग बघतात. बैल कोण बघतंय?"

आंबेगाव तालुक्यात जन्म काढून हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत उच्चारलं. तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि भाकरी थापायला गेली. मी गावातल्या सगळ्या गाडामालकांची खरी नावं गेममध्ये घातली (हा खास माझा मुलाहिजा), प्रत्येकाच्या गाड्याला चार बैल जुंपले आणि चारी ठिकाणी हिऱ्या बसवला.

यात्रेतल्या खऱ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी देवळाच्या मांडवात गेम दाखवायचं ठरलं. शेजाऱ्याच्या जीपमधून कॉम्प्युटर गादीत गुंडाळून नेला. निवेदनाला गुलाबभाऊ होते. घाटात माईकवरून गाडे पुकारण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा माणूस नाही. त्यांनी फक्त 'आपल्या गावच्या मुलानं गेम केला आहे' एवढंच सांगावं, अशी मी विनंती केली होती. पण गाडा पळताना दिसला आणि हातात माईक असला की गुलाबभाऊंना गप्प बसता येत नाही. कर्णे देवळावर होते, एसटीच्या थांब्यावर होते आणि घाटातही बांधून झाले होते. गुलाबभाऊंनी पडद्यावर पहिला गाडा सुटलेला बघितला आणि गाव दणाणून सोडलं.

"भिर्रर्र! गाडा सुटला हाय... म्होरल्या जोडीला, जुकाटाला, कोन हाय ते बगू द्या... अरं, ह्यो तर हिऱ्या! म्हाळुंग्याचा हिऱ्या! आन मागल्या जोडीला... मागं बी हिऱ्या!"

घाटात खुंट्या ठोकणारे लोक हातातलं टाकून धावले. त्यांना वाटलं, शर्यत आजच सुटली. मांडव भरला. दुसरा गाडा सुटला, त्यालाही चार हिऱ्या. ज्याचा गाडा होता तो मालक पुढं आला आणि त्यानं मला शांतपणे विचारलं की, त्याला न विचारता त्याच्या गाड्याला परगावचा बैल कुणी जुंपला. मी समजावून सांगितलं की प्रत्येक बैलाचं वेगळं चित्र ठेवायला कॉम्प्युटरात जागा लागते.

"जागा न्हाई तर मोठा गोठा बांदायचा," तो म्हणाला. "दुसऱ्याचं बैल आनून कशाला बांदायचं?"

तेवढ्यात पडद्यावर दादांचा गाडा आला. मी धावत जाऊन वायर उपटायला हवी होती. मी मात्र त्या गर्दीतही बघत राहिलो की, चाक दगडावर किती छान उडतंय आणि हे कुणाच्या लक्षात येतंय का. (नाही आलं.) गुलाबभाऊंनी सगळ्या कर्ण्यांवरून जाहीर केलं की दादांनी सोन्याला सोडून पाव्हण्यांचा हिऱ्या धरला आहे.

दादा त्या वेळी घरी सोन्याला आंघोळ घालत होते. ते हातात घासणी घेऊन, ओल्या धोतरानं, देवळापर्यंत आले. नेमके दुसऱ्या बाजूनं आमचे सासरे, आप्पा, आले. ते यात्रेला म्हणून सकाळीच आले होते आणि एका नातेवाइकाकडं चहा घेत होते. दादांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं बघितलं. पडद्यावर निकाल लागला होता. पहिला नंबर हिऱ्या, दुसरा नंबर हिऱ्या, शेवटचा नंबरही हिऱ्याच! मला आळेफाट्याच्या डिझेलचा वास यायला लागला.

मला वाटलं, निदान आप्पा तरी खूश होतील. ते गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

"जावईबापू, तुमी शिकल्यालं मानूस. एका दिसात एका बैलाला किती येळा पळवायचं?"

"आप्पा, ते चित्र आहे."

"चित्र असलं म्हनून काय झालं? दम नगं त्याला?"

आणि मांडवातल्या एकूण एक माणसाला ते पटलं! मघाशी भांडणारे मालकसुद्धा म्हणाले की पाव्हणं बोलतात ते खरं आहे, मुक्या जनावराचा असा छळ बरा नव्हे. गुलाबभाऊंनी माईकवरून मला गाडे थांबवायला सांगितलं. मी गेम थांबवला आणि आम्ही सगळे हिऱ्याला दम मिळावा म्हणून न हलणाऱ्या चित्रासमोर बसून राहिलो. कुणीतरी मागून विचारलं की त्याला पाणी कसं पाजायचं. मी त्याची सोय केलेली नव्हती.

शेवटी वीज गेली आणि मांडवात पडद्यावरच्या शर्यतीची बक्षिसं द्यायची वेळ झाली. आमच्याकडची रीत अशी की बारी, म्हणजे गाड्याची धाव, जिंकली की फेटा बैलाच्या मालकाला बांधायचा. गाडा कुणी बनवला, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. त्या रीतीप्रमाणं फेटा आप्पांना बांधला गेला. बैल हुबेहूब काढला म्हणून शोभाला नारळ आणि खण. मग गुलाबभाऊंनी माझं नाव पुकारलं. मी शर्ट सारखा करून उठलो. भजनी मंडळ खोळंबलं आहे, तेव्हा वायरी लवकर गुंडाळाव्यात, असं त्यांनी मला सांगितलं.

यात्रा झाल्यावर मी आपणहून पिशवी भरली. दोन शर्ट, एक टॉवेल, आणि गॅरेजमध्ये कधी फुरसत मिळाली तर वाचायला ते प्रोग्रॅमिंगचं जाडजूड पुस्तक. उंबऱ्यात दादा उभे होते. व्याही आपल्याच गावात फेटा बांधून हिंडला, हे त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. डोळे तांबारले होते.

"ते डबडं न्हाई इकायचं," ते म्हणाले. "सोन्या काढायचा. हिऱ्या त्याच्यापुढं कायबी दिसला न्हाई पायजे."

मला भरून आलं. मी पिशवी खाली टाकली आणि भराभर सांगायला लागलो की चढाचं गणित अजून सुधारता येईल, घोडीचा वेग वाढवता येईल. दादा माझ्यावरून नजर पुढं नेऊन चुलीपाशी बघत होते.

"तू न्हाई. सूनबाई काढंल."

मग मी काय करू, आळेफाट्याला जाऊ का, असं मी विचारलं. दादांनी त्यावर खरोखर विचार केला. मी त्यांचा मुलगा आहे, आणि त्यांना एवढा वेळ लागला.

"नगं जाऊ," ते म्हणाले. "बैल कोन धरंल?"

तर कॉम्प्युटर राहिला आणि मीही राहिलो. टेबल खिडकीपाशी सरकवलं. आत शोभा माऊस घेऊन बसली. अंगणात मी, धुऊन-पुसून शिंगं रंगवलेल्या सोन्याचा कासरा धरून. माझ्यामागं रस्त्यापर्यंत गावातले गाडामालक आपापले बैल घेऊन ओळीनं उभे होते, कारण आता प्रत्येकाला आपला बैल गेममध्ये हवा होता. दादा आत जाऊन पडद्यावरचा सोन्या बघायचे, बाहेर येऊन अंगणातला बघायचे, आणि परत आत जायचे. उन्हात माझा पाय झिणझिणला, तरी मी हललो नाही, कारण मी हललो की सोन्या हलायचा. म्हटलं, निदान उभं राहण्याचं तरी कुणी कौतुक करील. दादा खिडकीतून डोकावले आणि कौतुकानं म्हणाले, "काय रुबाबात हुबा राहिलाय!"

मी छाती पुढं काढली.

"आन तू जरा बाजूला हो रं," ते मला म्हणाले. "बैलावर सावली पडतीया तुजी."