रघोजीची होळी आणि रमणची छत्री

आमच्या रघोजीला उभ्या उभ्या स्वप्नं पडायची. खोटं नाही सांगत. मोजणी खात्यात तीस वर्षं साखळी ओढली त्यानं. पण इकडे तमिळ मुलखात, पापनाशमच्या शेतांत साखळीचं टोक हातात धरून असा हरवायचा, की पलीकडचा माणूस ओरडून दमायचा. "रघोजी, ओढ की!" तर हा म्हणणार, "थांब रे, बगळे बसलेत. उडू देत."

गोष्ट त्र्याण्णवची. गावात मराठी घरं तीनच: माझं, रघोजीचं आणि रिटायर पोस्टमास्तर हनुमंतरावांचं. तमिळ शेजारी भोगीला जुनंपानं जाळतात, आम्ही वर फाल्गुनात होळीही पेटवतो. "तुमची भोगी दोन महिने लेट," असं ते हसून म्हणायचे. दुसऱ्या दिवशी होळीची राख वाहत्या पाण्यात सोडायची, ही रघोजीच्या आईची शिस्त.

त्या होळीनंतर तीन दिवसांनी कालव्यापलीकडचं सुरूचं बन पेटलं. दोन दिवस जळत होतं. अकरा झोपड्या, शंभरेक माड, पेंढ्याच्या गंज्या, सगळं गेलं. माणसं तेवढी वाचली. राख आभाळातून अशी हळूहळू उतरायची, की वाटावं, कुणी वर बसून कापूस पिंजतंय.

मग सुरू झाली कारणं. कुणी म्हणालं, परदेशी कंपनीला शांपूच्या कारखान्यासाठी जागा हवी. कुणी म्हणालं, विमानातून काहीतरी शिंपडलं. हनुमंतराव भिंगानं पेपर वाचायचे. एकदा उन्हात वाचताना पेपरालाच भोक पडलं होतं. तेवढ्यावरून त्यांनी शोध लावला, "ही रमणची छत्री! टीव्हीच्या नावाखाली ऊन गोळा करते आणि बनावर फेकते. वरनं हुकूम येतात तिला."

रमण रघोजीच्या तमिळ घरात दिलेल्या बहिणीचा मुलगा. नोकरी सोडून गच्चीवर ती भलीमोठी डिश बसवली होती त्यानं. घरोघर वायरी नेल्या होत्या. सगळं पोट तिच्यावर. झोपड्या गेलेल्यांना हनुमंतरावांचं पटलं. शुक्रवारी छत्री फोडायची, ठरलं.

गुरुवारी पारावर रघोजी उभा राहिला. "मी लावली आग. कालव्याला पाणी बंद होतं. राखेचं मडकं घेऊन कोरड्या कालव्यातून पलीकडे गेलो, डबकंही सापडलं नाही. मग सुरूच्या बुंध्याशी राख ओतली, नमस्कार केला आणि परत आलो. आत निखारे असणार."

सगळे हसले. हो, मीही हसलो. "राख टाकल्यावर दोन दिवसांनी लागली आग, रघोजी!" मागून कुणी ओरडलं.

"खाली पाचोळा होता. आतल्या आत धुमसला."

हनुमंतराव म्हणाले, "भाच्यासाठी आगही अंगावर घेतोस होय?"

"अहो, खरंच मी!"

"बस खाली. स्वप्न पडलं असेल तुला."

शुक्रवारी लोक काठ्या घेऊन आले, तर रघोजी सकाळपासून गच्चीवर, छत्रीच्या तोंडासमोर मांडी घालून बसलेला. डोक्यावर कापसाचा एवढा मोठा गोळा. "छत्री आग टाकते ना? मग हा पेटू दे. पेटला तर फोडा."

गाव खाली माना वर करून उभं. पायऱ्यांवर बसायला जागा उरली नाही. बायकांनी ताक वाटलं. नऊ वाजले, अकरा वाजले, ऊन डोक्यावर आलं. छत्री चकाकत होती, कापूस वाऱ्यानं हलत होता, आणि रघोजी? झोपला! तोंडावर असं हसू, जणू कुठल्या ओल्या शेतात उभा आहे. दुपारी कापूस तसाच पांढरा. लोक जांभया देत काठ्या घेऊन घरी गेले. हनुमंतराव पुटपुटले, "म्हणजे विमानच ते."

रघोजी जागा झाला तेव्हा गच्चीवर रमण आणि मी दोघंच. "पेटलो का रे?"

"नाही, मामा."

"मग आता तरी ऐकतील का? मीच..."

रमण त्याच्याजवळ बसला. "मला पटलंय, मामा. पण आता कुणाला अजिबात सांगू नका. उद्या तिन्ही घरांच्या होळीवर काठ्या येतील."

"मग हे मी घेऊन कुठं जाऊ?"

"माझ्याकडे या. रोज सांगा."

आणि तो जात राहिला, चांगली सहा वर्षं. संध्याकाळी गच्चीवर चढायचा, कोरडा कालवा, मडकं, नमस्कार, सगळं पहिल्यापासून सांगायचा. रमण वायर सोलता सोलता ऐकायचा आणि दर वेळी नव्यानं विचारायचा, "मग मामा, पुढं?"