पुतळाबाईंनी भावासाठी घर पाहिलं

लग्नं जमवणाऱ्या बाईला माणसं एका नजरेत कळतात, असा आपल्याकडे समज आहे. पुतळाबाईंचा स्वतःबद्दलही तोच समज होता. पळसदेवपासून बारामतीपर्यंत बौद्ध समाजातली कितीतरी लग्नं त्यांनी जुळवली आणि त्यातली बहुतेक टिकली. त्यांची लेक बारामतीच्या कॉलेजात माझी विद्यार्थिनी होती, तेव्हापासून आमची ओळख. मी निवृत्त होऊन जमाना झाला, तरी मी अजून ‘म्याडम’च.

स्थळ पाहण्याची त्यांची रीत ठरलेली होती. मुलाच्या घरी सरळ जायचं नाही. आधी शेजारच्या दुकानात काहीतरी घ्यायचं, पिठाच्या गिरणीवर थोडा वेळ टेकायचं. घरात शिरलं की पाणी मागायचं. ते कोण आणतं, हसतमुखाने आणतं की कपाळाला आठ्या घालून, तांब्या घासलेला आहे का, हे बघायचं. मग चहा. “ज्या घरात पावन्याला च्या मिळत न्हाय, त्या घरात सुनंला भाकर मिळंल व्हय?” हा त्यांचा सिद्धांत. एकदा अंगणातला ट्रॅक्टर शेजाऱ्याचा मागून आणून उभा केलाय, हे त्यांनी गिरणीवरूनच शोधून काढलं होतं आणि सोयरीक मोडली होती.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या थोरल्या भावाला लकवा झाला. ज्ञानदेवराव. उभा जन्म पाटबंधारे खात्यात गेला, कालव्याच्या कडेने चालण्यात. बायको आधीच गेली, मूलबाळ नाही. डावा हात आणि डावा पाय गेला, बोलणं जड झालं, पण डोकं लख्ख. पुतळाबाईंनी त्यांना इंदापूरला स्वतःच्या घरी आणलं आणि एकटीने त्यांचं सगळं केलं. सत्तरी ओलांडलेली बाई ती, अंगकाठी काटकुळी. एका सकाळी भावाला खाटेवरून उठवताना दोघंही फरशीवर आडवी झाली आणि शेजारचे येईपर्यंत तशीच पडून राहिली. घरी ठेवलेले मदतनीस टिकत नव्हते. लेक पुण्यात नोकरीला. तिने केअर सेंटरचं नाव काढलं.

मग मला फोन आला. “म्याडम, दादासाठी दोन ठिकानं बघायचीत. तुमची गाडी पायजे, आन तुमचं इंग्रजी.”

मी लगेच निघाले. उपकार म्हणून नव्हे. माझंही वय झालंय आणि या जागा आतून कशा असतात हे मला बघायचंच होतं. वृद्धाश्रम म्हटलं की आपली माणसं एकतर उसासे टाकतात नाहीतर मुलांना शिव्या देतात. आत जाऊन बघत कोणी नाही.

गाडी भिगवणच्या रस्त्याला लागल्यावर पुतळाबाई म्हणाल्या, “चुकीच्या घरात दिलेली पोर निदान पळून म्हायेरी येती. दादाला पळता येत न्हाय.”

दोन्ही ठिकाणांची नावं मी लिहीत नाही. तिथली माणसं वाचतात.

पहिलं बारामतीत. पुतळाबाईंनी शेजारच्या किराणा दुकानात साबण घेतला आणि केंद्रात चांगला तांदूळ जातो एवढी माहिती काढली. आत राजलक्ष्मी नावाच्या चटपटीत व्यवस्थापक बाईंनी आमचं असं स्वागत केलं, जसे आम्ही व्याहीच. थंड पाणी, वेलदोड्याचा चहा, चिवडा. हॉलमध्ये टीव्ही, समोर ओळीने खुर्च्या, खुर्च्यांत धुतलेल्या कपड्यांतली आजी-आजोबा मंडळी. कसं वाटतं विचारलं की सगळे म्हणत, “छान.” 

एका आजोबांना मी विचारलं, “काय चाललंय टीव्हीवर?”

“काय म्हायती,” ते म्हणाले. “चष्मा ह्यांनी वरच्या कपाटात ठिवलाय.”

मी खोल्यांतून हिंडले. प्रत्येक खाटेशी बोलावण्याची घंटी होती, वायरची, बटणाची. पण वायर गुंडाळून वर खिळ्याला अडकवलेली. मी विचारलं तर राजलक्ष्मीबाई मोकळेपणाने हसल्या. “सारखी दाबतात हो. मुलींना कामच करू देत नाहीत.”

मला वाटलं, ते दाबतात तेव्हा येणं हेच तर काम. पण पुतळाबाईंच्या चेहऱ्यावर स्थळ पसंत पडल्याची कळा आली होती.

दुसरं ठिकाण इंदापूरच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. दारात कोणी नाही. आत फिनेलचा वास, खाटा जवळजवळ, टीव्ही नाही. गेणबा नावाचा मिशीवाला माणूस एका म्हाताऱ्याला भात भरवत होता. मान वर न करता म्हणाला, “बसा मावशी. यांचं होऊ द्या.” शेजारचे एक आजोबा ताट सरकवून आमटीला शिव्या घालत होते. गेणबा त्यांना म्हणाला, “आप्पा, काल खारट म्हनून बोंब मारली, आज आळनी म्हनून. उद्या तुमीच या चुलीपाशी.”

“येतो की,” आप्पा म्हणाले. “तुझ्यापरीस बरंच करीन.”

आम्ही बसलो. बसूनच राहिलो. शेवटी पुतळाबाई उठल्या त्या थेट गाडीत.

“पानीसुदिक इचारलं न्हाय! असल्या घरात मी मांजर देनार न्हाय.”

“तो भरवत होता, पुतळाबाई. त्याने घास सोडून तुम्हाला पाणी द्यायचं का?”

“पावन्याला इचारायची रीत असती.”

“चहा तुम्हाला मिळाला. राहायचंय ज्ञानदेवरावांना.”

“तुमी शिकल्याल्या मानसांनी घंटीची वायर बघावी. मी मानसं बघती.”

“माणसं नाही, तुम्ही कपबशा बघितल्यात.”

इंदापूर येईपर्यंत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मीही समजूत काढायला गेले नाही. मला राग लवकर येतो आणि तो मी आवरत नाही.

घरी ज्ञानदेवराव खाटेवर टेकून बसले होते. पुतळाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि जाहीर केलं, “बारामतीचं ठरलं.”

“कुनाचं?”

“तुझं.”

“मला न्हाय दावलं ते.”

“मी बगितलं की.”

ज्ञानदेवराव बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मग म्हणाले, “पुतळे, तुझ्या लग्नाच्या येळंला बी आपल्या तात्यांनीच बगितलं. लई चांगलं घर हाय म्हनले. तू कोनाड्यात तोंड घालून बसलीस. जेवना झालीस. मीच तुला ताकभात भरवला.”

पुतळाबाई स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “म्याडम, उद्या गाडी मिळंल का?”

आयुष्यभर स्थळं पाहिलेल्या या बाईने नवरीला काय वाटतं हे कधी विचारलं असेल का, असा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. मला हे क्वचित जमतं.

दुसऱ्या दिवशी ज्ञानदेवरावांना घेऊन आम्ही आधी बारामतीला गेलो. राजलक्ष्मीबाई पुतळाबाईंना विचारू लागल्या, “आजोबांना साखर आहे का? आजोबा पथ्य पाळतात ना? आजोबा चिडके नाहीत ना?”

“मला बी तोंड हाय,” ज्ञानदेवराव म्हणाले.

“किती गोड आहेत आजोबा!” राजलक्ष्मीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. खाट दाखवण्यासाठी दोन माणसांनी त्यांना बगलेत हात घालून उचललं, पोतं उचलावं तसं. डावा खांदा ओढला गेला. त्यांनी दात आवळले. पुतळाबाईंनी पाहिलं. चहा आला होता, तो त्यांच्या हातात निवत राहिला.

इंदापूरच्या केंद्रावर गेणबा आज कोणाला भरवत नव्हता. तो गाडीच्या दाराशी येऊन उकिडवा बसला आणि थेट ज्ञानदेवरावांशी बोलला. “आबा, कंची बाजू साथ देत न्हाय?”

“डावी.”

“मग खुर्ची उजवीकडं लावतो. तुमी व्हय म्हना, मग उठू.”

ज्ञानदेवराव काही व्हय म्हणेनात. गेणबा तसाच हात धरून थांबला. ऊन तापलं होतं, मी वैतागले. पुतळाबाई मात्र डोळे बारीक करून दोघांकडे बघत होत्या.

“व्हय,” शेवटी ज्ञानदेवराव म्हणाले, आणि उठले.

आत खाटेला सायकलची घंटी बांधलेली होती, हाताशी येईल अशी. त्यांनी ती वाजवली. गेणबा आला. पुन्हा वाजवली. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, “आबा, परीक्षा संपली का आजून पेपर हायती?”

“तोंडी ऱ्हायलीया,” ज्ञानदेवराव म्हणाले. लकव्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुतळाबाई म्हणाल्या, “पानी कुठं हाय रं?”

“त्यो काय माठ, मावशी. घ्या.”

त्यांनी स्वतःच घेतलं.

सगळंच छान होतं असं नाही. न्हाणीघराची कडी तुटकी होती आणि दुपारी पत्रा तापायचा. मी केंद्र चालवणाऱ्या मोहनरावांना विचारलं, रात्री कोण असतं? ते पूर्वी एका दवाखान्यात कंपाउंडर होते. म्हणाले, “एकच माणूस, हा गेणबा. खोटं कशाला सांगू? दुसरा मिळत नाही.” मला हे अजिबात आवडलं नाही आणि मी तसं सांगितलं. इतक्या खाटांना एक माणूस म्हणजे घंटी असून नसल्यासारखी.

निर्णय मात्र माझा नव्हता. पुतळाबाई भावाच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी विचारलं. सरळ, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर. “दादा, ऱ्हातोस का हितं? न्हाय म्हनलास तर आत्ता मागारी जाऊ.”

“ऱ्हाऊन बगतो. पाचपरतावनाला न्यायला ये. तवा सांगतो.”

लग्नानंतर पाच दिवसांनी नवरीला माहेरी आणतात ते पाचपरतावण. त्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ज्ञानदेवराव दाढी करून बसले होते. पुतळाबाईंनी त्यांची पाठ बघितली. पडून पडून कुठे लाल झालेलं नव्हतं. जेवण अळणीच असतं म्हणाले. रात्री एकदा घंटी वाजवली तर गेणबा लई उशिरा आला, पलीकडच्याला उलटी झाली होती म्हणून. तोवर अंथरूण ओलं झालं.

“मग चल घरी,” पुतळाबाई म्हणाल्या.

“घरी तू पडतीस. हितं हाक ऐकत्यात. रातीला दुसरा मानूस बघ, मग ऱ्हातो.”

त्या तडक मोहनरावांकडे गेल्या. लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांना सुनावतात त्या आवाजात म्हणाल्या, “मानूस मी आनते. पगार तुमी द्या. कबूल?”

मोहनराव कबूल झाले. न होऊन सांगतात कुणाला!

पळसदेवला त्यांनी लग्न लावून दिलेली किती घरं! त्यातल्याच एका घरातला माणूस त्यांनी शोधला, आजारी बापाचं कित्येक वर्षं केलेला. त्याला घेऊन त्या केंद्रावर आल्या. मोहनराव दारात उभे होते. पुतळाबाई त्यांना ओलांडून पुढे गेल्या आणि त्याला आधी भावाच्या खाटेशी उभं केलं.

ज्ञानदेवरावांनी त्याला आपल्याला उठवायला लावलं. मग बसवायला. मग पुन्हा उठवायला.

“ठिवा ह्याला,” ते म्हणाले.