डॉक्टरसाहेबांचे ड्रायव्हर

मी पुलगावची. वर्ध्याच्या एका डॉक्टरांनी मागे ठेवलेल्या शिष्यवृत्तीवर नागपूरला विद्यापीठात शिकत होते. डॉक्टर वारल्यावरही त्यांचे म्हातारे ड्रायव्हर दर महिन्याला एसटीने आमच्या होस्टेलवर यायचे. त्यांना कुणी पाठवलेलं नसायचं. फाटकापाशी उभे राहून रुमालाची घडी मोडत, पुन्हा घालत विचारायचे, "जेवण बरोबर हाय ना, बेटा?"

त्या खेपेला मी एका विषयात नापास झाले होते. नापास झालं की शिष्यवृत्ती बंद, असा नियम. घरीही सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोन्त्या विषयात गेली?"

शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टच्या बैठकीला ते माझ्यासोबत आले. खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत. "साहेब सोता दोनदा नापास झालते," ते म्हणाले. मला पुन्हा परीक्षा द्यायची एक संधी मिळाली.

बाहेर येताच मी विचारलं, "काका, खरंच?"

"मले काय माहीत? मी त गाडी चालवो. आता पास होजो बेटा, नाई त मी खोटा पडीन."

पास झाले, तेव्हा पहिला फोन त्यांनाच केला. ते म्हणाले, "म्हंजे मी खोटा नाई पडलो, बेटा."