राहेलची उघड्यावरची प्रार्थना

फोन माझ्या मैत्रिणीच्या, राहेलच्या नवऱ्याचा होता. मी नेहमीसारखं "बोला दाजी" म्हणून एका हाताने कुकर उतरवायला लागले. "राहेल गेली," ते म्हणाले. कुठे गेली, असं मी विचारलंसुद्धा. वर्गात शिकवता शिकवता खाली बसली ती उठलीच नाही... चाळिशी अजून गाठायची होती बाईला. महिना होत आला तरी माझं डोकं ते मानायला तयार नाही. रागच येतो. हिला कसली एवढी घाई होती?

तिने मला पहिला धक्का दिला तो कॉलेजात. आम्ही नाशिक रोडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. रविवारी चर्च, नाताळात शेजारीपाजारी करंज्यांची ताटं, आणि प्रार्थना घरात, दार लोटून, पुटपुटत. आपला कोणाला त्रास नको, हे वडिलांचं धोरण. कॉलेजात तर सगळ्या जातिधर्मांची पोरं, तिथे हा विषय कोणी काढत नसे. आणि एका दुपारी बघते तर पार्किंगजवळ चार-पाच मुलंमुली आमच्याच उपासनेतलं गाणं टाळ्या वाजवत म्हणताहेत. भर दिवसा. आपलीच माणसं, आणि अशी चव्हाट्यावर? मी मान खाली घालून सटकत होते, तर सुरगाण्याकडची एक काटकुळी मुलगी आडवी आली. हीच राहेल.

"तुझ्यासाठी प्रार्थना करू का?"

"मी ख्रिस्तीच आहे," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"मंग काय झालं? ख्रिस्ती माणसाला काय दुखत नाय?"

मला हसू फुटलं, आणि मग कशी कोण जाणे, आईच्या आजारपणाची सगळी कथा मी तिला सांगून बसले. तिने ओढणीचं एक टोक स्वतःच्या डोक्यावर घेतलं, दुसरं माझ्या डोक्यावर टाकलं आणि तिथेच, स्कूटरींच्या मध्ये, खणखणीत आवाजात सुरू झाली. लाजेने मला घाम फुटला होता.

पुढे तक्रार झालीच. प्राचार्य सरांनी तिला बोलावून सांगितलं, कॉलेजात हे चालणार नाही, पुन्हा दिसलीस तर वसतिगृह सोडावं लागेल. वसतिगृह सुटलं असतं तर शिक्षणही सुटलं असतं, थेट घरी भातशेतीवर. मी तिला म्हटलं, "बाई, गप बस आता. मनातल्या मनात कर ना." ती सरांना सांगून आली, "आजपासून मी कोणाला विचारायला जाणार नाय, सर. पण आपणहून कोणी आलं तर परत नाय पाठवणार." तेव्हापासून ती कँटीनच्या पायरीवर नुसती बसायची, आणि लोक यायचे... नापास झालेले, घरून लग्नाचा तगादा लागलेल्या मुली, अगदी वॉचमनकाकासुद्धा. धर्म कोणी बदलला नाही, आणि तिने कोणाला तसं म्हटलेलं मी ऐकलंही नाही. शिक्षण पुरं करून ती गावी शिक्षिका झाली. मी नाशकातच, इंदिरानगरात संसाराला लागले. माझी प्रार्थना मात्र होती तशीच राहिली, दारामागची.

मागच्या आठवड्यात दाजींना भेटायला त्यांच्या गावी गेले. ओट्यावर चहा घेत होतो, तर डोंगरावरच्या पाड्यातून एक म्हातारी उतरून आली. "बाई हाय का घरात?" दाजींनी कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच सांगितलं. ती मटकन खाली बसली. मग म्हणाली, "पोरगा माझा द्राक्षाच्या कामाला गेलाय. त्याचा फोन आला नाय. आता मी कोणाला सांगू?"

मी तिच्याजवळ सरकले. मुलाचं नाव विचारलं, पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज मात्र निघाला तो दारामागचाच, पुटपुटता. थोड्या वेळाने म्हातारीचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

"जरा मोठ्यानं बोल, बाय," ती म्हणाली. "बाई मोठ्यानं बोलायची."